निवाऱ्यात नेलेला माणूस तिसऱ्या दिवशी परत त्याच पायरीवर का येतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या कॉलेज रोडला तुमच्या इमारतीखाली एक गाळा दोन वर्षांपासून बंद आहे. त्याच्या पायरीवर साठीपुढचे एक बाबा झोपतात. डिसेंबरात तुम्ही त्यांना नवं ब्लँकेट दिलं, ते आठवड्यात गायब झालं. मग फोनाफोनी करून, स्वतःच्या पैशानं रिक्षा करून तुम्ही त्यांना बेघरांच्या निवाऱ्यात पोचवलंत. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला उतरलात तर बाबा पायरीवर. तुम्ही विचारता, यांना मदत नकोच असते का, की माझंच काही चुकलं? आणि जाता जाता हेही, की जेवण द्यावं की पैसे.

तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण प्रश्न जरा फिरवून मांडते. तुम्ही त्यांना छप्पर देऊ केलंत, आणि ते घ्यायला त्यांना काहीतरी सोडावं लागलं. काय सोडावं लागलं हे तुम्हाला दिसलं नाही. मलाही पहिली चार-पाच वर्षं दिसत नव्हतं. २००६ साली नाशिकरोड स्टेशनवरच्या मुलांपासून मी हे काम सुरू केलं, पुढं अकरा वर्षं एका निवाऱ्याची व्यवस्थापक होते, आणि त्या निवाऱ्यातून निघून गेलेल्यांचा हिशोब ठेवला तर आलेल्यांच्या जवळपास बरोबरीचा भरेल. तेव्हा मला राग यायचा. आता मी आधी विचारते, "बाबा, तिथं काय अडलं?"

उत्तर अर्थातच तुमचे बाबा कोण आहेत यावर अवलंबून आहे, आणि ते मला माहीत नाही. आपण धरून चालतो की रस्त्यावर झोपतो तो भिकारी. रामकुंडावर ओळीनं बसलेली माणसं रोज डोळ्यांसमोर असतात म्हणून तसं वाटतं. पण दिवाळीनंतर पेठ फाट्याला किंवा उड्डाणपुलाखाली चूल मांडून बसलेली कुटुंबं बघा. ती पेठ, सुरगाणा, हरसूल भागातली. बांधकामावर बिगारी, नाहीतर दिंडोरी-निफाडकडं द्राक्षबागेची कामं. पाऊस लागला की भाताच्या आवणीला गावी जातात. त्यांना घर आहे, जमिनीचा तुकडाही असतो. इथं त्यांना हवंय पाणी, बायकांसाठी संडास, आणि बिगारीला गेल्यावर पोरांना सांभाळणारं कुणी. त्यांना निवाऱ्यात चला म्हणणं म्हणजे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे आणि चूल विझलेली. ती येत नाहीत, आणि बरोबर करतात.

मग एकटे पुरुष. मला भेटलेले बहुतेक बेघर हेच, आणि यातले बरेचसे कामाला जातात. भाजीबाजारात हमाली, हॉटेलात भांडी, भंगार, आणि सगळ्यात जास्त केटरिंग. लॉन्सवरच्या लग्नात तुमच्या ताटात गरम जिलबी टाकणारा वाढपी रात्री दीड वाजता टेम्पोतून उतरतो आणि ठक्कर बाजारच्या आसपास कुठंतरी पथारी टाकतो. त्याच्या खिशात त्या दिवशीचे पैसे असतात. निवाऱ्याचं दार मात्र दहाला बंद झालेलं असतं. नियमात निवारा चोवीस तास उघडा हवा, पण रात्री दीडला दार उघडायला काळजीवाहक जागा हवा ना. आणि आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नतिथीच नसतात. म्हणजे नेमका पावसाळ्यात यांचा धंदा बंद. कोरड्या जागेची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हा खिसा सगळ्यात रिकामा असतो, आणि त्याच महिन्यांत पिणंही वाढतं. हे चक्र मी वर्षानुवर्षं बघितलंय. लोक म्हणतात पितात म्हणून रस्त्यावर आले. काही आले तसे. पण रस्त्यावर आल्यावर प्यायला लागलेले मला जास्त भेटले. थंडीत फरशीवर पाठ टेकायची तर काहीतरी लागतं, असं ते सरळ सांगतात.

तुमच्या बाबांबद्दल एक शंका म्हणूनच येते. तिसऱ्या दिवशी परतले म्हणालात. रोज पिणारा माणूस अचानक बंद झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो, भास होतात, फिटही येऊ शकते. निवाऱ्यात दारू चालत नाही, चालूही नये. पण मग माणूस पळतो, आणि आपण म्हणतो नालायक आहे. त्याला त्या वेळी दवाखान्याची गरज असते. माझ्या डोळ्यांसमोर एकाला निवाऱ्यात फिट आली, तेव्हापासून मी दाखल करतानाच विचारते, "रोज किती?" आवाजात उपदेश आणायचा नाही, वजन विचारावं तसं विचारायचं. खरं सांगतात. तुमचे बाबा पीत नसतील तर हा परिच्छेद सोडून द्या.

आता ब्लँकेट. यावर जरा रेंगाळते, कारण मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. ब्लँकेट विकलं असेल का? असेलही. नव्या ब्लँकेटला गिऱ्हाईक मिळतं. पण आधी हे सांगा, सकाळी सातला पायरीवरून उठलेला माणूस ते जाडजूड ब्लँकेट दिवसभर ठेवणार कुठं? बगलेत घेऊन भंगार वेचणार? हॉटेलात भांडी घासायला जाताना बरोबर नेणार? पायरीवर ठेवलं तर झाडू मारणारे उचलतात, दुसरा कुणी नेतो, कुत्री ओढतात, नाहीतर पाण्याच्या पाइपानं भिजतं. घर नसण्यातली रोजची मोठी अडचण सामान ठेवायला जागा नसणं ही आहे, आणि घर असलेल्या माणसाच्या ती लक्षातच येत नाही. कागदपत्रं अशीच जातात. आधार कार्ड, रेशन कार्ड, दवाखान्याची फाइल, सगळं एका पिशवीत, आणि पिशवी उशाशी. झोप लागली की पिशवी गेली. म्हणून मी आता ब्लँकेट देण्याआधी ते ठेवायची सोय बघते. एखादा टपरीवाला, वॉचमन, देवळाचा पुजारी दिवसा वळकटी ठेवून घेतो का? तुमच्या इमारतीच्या मीटररूममध्ये जागा असेल तर तेवढ्यानं बाबांचा अर्धा हिवाळा सुटेल. सोसायटीच्या बैठकीत हा विषय काढून बघा. ब्लँकेटला वर्गणी देणं सोपं वाटेल इतकी चर्चा होईल, पण काढा.

आणि दुसरं म्हणजे ती जागा. माणूस कुठं झोपतो हे त्यानं ठरवलेलं असतं, आणि बऱ्याच नापास जागांनंतर. उजेड हवा म्हणजे कुणी लाथ मारत नाही, पण इतका नको की पोलीस उठवतील. वर छज्जा हवा. सार्वजनिक नळ किंवा सुलभ जवळ हवं. पहाटे चहा देणारा हवा. शालिमारजवळ झोपणाऱ्या एका काकांना मी पाच महिने निवाऱ्यात चला म्हणत होते. ते हसून "बघू ताई" म्हणायचे. खूप उशिरा कळलं की पहाटे पाचला एका टपरीवर ते पाणी भरून देत, त्याबदल्यात दोन चहा, पाव, आणि त्यांची पत्र्याची पेटी टपरीच्या फळीखाली. त्या पेटीत त्यांच्या बायकोचा फोटो आणि बँकेचं पासबुक होतं. निवारा तिथून पाच किलोमीटरवर. पाचला पोचायचं तर साडेतीनला निघायचं. मी त्यांना गादी देत होते आणि त्यांची नोकरी, लॉकर आणि सकाळची न्याहारी काढून घेत होते. पुढं गुडघा सुजला तेव्हा ते स्वतःहून आले, पण माझ्याकडं येण्यासारखी ओळख तोवर झाली होती म्हणून आले.

निवाऱ्याच्या बाजूनंही बोलायला हवं, नाहीतर एकतर्फी होईल. सर्वोच्च न्यायालयातल्या अन्नाच्या हक्काच्या खटल्यातून निवाऱ्यांचे आदेश आले, आणि २०१३ पासून राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात त्याची योजना झाली. लाखभर वस्तीमागं शंभर माणसांची सोय आणि माणशी पन्नास चौरस फूट जागा असा तिचा मापदंड होता. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिकेची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. त्या हिशोबानं तेव्हाच जवळपास दीड हजार माणसांची सोय हवी होती. शहरात फिरून बघा, तेवढं दिसतं का ते तुम्हीच सांगा. चांगले निवारेही आहेत. जिथं लॉकर आहे, ढेकूण नाहीत, कुटुंबाला वेगळी खोली आहे आणि उशिरा येणाऱ्याला दार उघडतं, तिथं माणसं टिकतात. आणखी एक गोष्ट म्हणजे काळजीवाहक. तो नावानं हाक मारणारा असेल तर निवारा भरतो, "ए म्हाताऱ्या" म्हणणारा असेल तर ओस पडतो. इमारत तीच असते.

त्याच जनगणनेत २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री देशभर बेघर मोजले गेले. आकडा आला सुमारे १७ लाख ७३ हजार, पैकी महाराष्ट्रात दोन लाख दहा हजारांवर. फुटपाथ, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, फलाटावर, मोठ्या सिमेंट पाइपात राहणारे असे सगळे त्यात धरायचे होते. आता विचार करा, रात्री दीडला टेम्पोतून उतरणारा वाढपी त्या रात्री मोजला गेला असेल का?

बाबा निवाऱ्यातून पळण्याचं आणखी एक कारण असू शकतं, आणि ते आपल्याला हास्यास्पद वाटतं. त्यांना वाटलं असेल आपल्याला पकडून नेलं. महाराष्ट्रात १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. त्यातली भीक मागण्याची व्याख्या फार ऐसपैस आहे. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी अशा अवस्थेत आहे की भिकेवर जगत असावा असं वाटतं, एवढंही पुरतं. म्हणजे हात पसरायचीही गरज नाही, कपडे फाटके असले की झालं. पोलीस वॉरंटशिवाय धरू शकतात, पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं यातली बरीच कलमं घटनाबाह्य ठरवली, पण ती दिल्लीपुरती. आपल्याकडं जुन्या माणसांच्या मनात "गाडी आली" ही भीती पक्की बसलेली आहे. अनोळखी माणूस रिक्षा घेऊन आला, चला म्हणाला, एका इमारतीत नेऊन नाव-गाव-अंगठा घेतला. तुमच्या मनात निवारा होता. त्यांच्या मनात काय होतं?

सिंहस्थ जवळ आला की ही भीती दुप्पट होते. २०१५ ला पर्वणीआधी घाटावरची माझ्या ओळखीतली दोन माणसं कुठंतरी पांगली, ती मला पुन्हा दिसली नाहीत. एकाचं टीबीचं औषध चालू होतं, चौथा महिना. सहा महिन्यांचा कोर्स मध्ये तुटला की काय होतं ते डॉक्टरांना विचारा. आताही २०२६-२७ च्या कुंभासाठी घाट आणि रस्ते मोकळे करायची लगबग आहे, आणि केंद्राच्या योजनेत भीकमुक्त करायच्या शहरांमध्ये आपलं त्र्यंबकेश्वरही आहे. योजना कागदावर पुनर्वसनाचीच आहे. रस्त्यावरच्या माणसापर्यंत ती "उठा" या एकाच शब्दात पोचू नये एवढीच माझी काळजी. १९८५ साली मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला होता. हटवायला परवानगी दिली, पण पावसाळा उलटल्यावर. चाळीस वर्षं झाली या निकालाला.

तर मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं?

पहिला आठवडा काहीच दिलं नसतं. रोज एकाच वेळी, समजा रात्री साडेनऊला, दोन मिनिटं थांबले असते. उभं राहून बोलायचं नाही, पायरीवर टेकायचं. नाव विचारायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच नावानं हाक मारायची. "घरी कोण आहे?" हा प्रश्न पहिल्या दिवशी कधीच विचारायचा नाही. आपल्याला तो साधा वाटतो, पण रस्त्यावर येण्याचं कारण बऱ्याचदा त्याच प्रश्नात असतं. त्याऐवजी "चहा कुठं घेता?", "पावसात कुठं जाता?" असं विचारा. या दोन प्रश्नांत माणसाचं सगळं वेळापत्रक कळतं.

बोलता बोलता पाय बघा. तळपायाच्या जखमा, सूज, काळी पडलेली बोटं. मधुमेह असतो आणि माहीत नसतो. जखमेत अळ्या दिसल्या तर घरगुती काही करू नका, १०८ लावा. डोळे बघा, मोतीबिंदू असेल तर त्याची शस्त्रक्रिया मोफत होते. कान बघा. पंचवटी कारंज्याजवळ एका बाबांना सगळे वेडा म्हणायचे, हाक मारली तर बघायचे नाहीत, अचानक जवळ गेलं तर अंगावर यायचे. त्यांना फक्त ऐकू येत नव्हतं. दोन्ही कानांतला मळ काढल्यावर त्यांनी मला पहिली शिवी कशाबद्दल दिली माहितीय? "इतके दिवस ओरडून का बोलत नव्हतीस?"

खरंच मानसिक आजार असेल, म्हणजे स्वतःशी सतत बोलणं, अंगावर चार-चार कपडे, केस जटा झालेले, खाण्यापिण्याचं भान नाही, तर मात्र नुसती ओळख वाढवत बसू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा भटकणाऱ्या माणसाला संरक्षण देणं ही पोलीस ठाण्याची जबाबदारी आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यावं लागतं, आणि घरचं कुणी सापडत नसेल तर हरवल्याची नोंद करावी लागते. बेघर माणसाला मानसिक उपचार मोफत मिळण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे. ठाण्यात गेलात तर "हे आमचं काम नाही" हे वाक्य ऐकायला मिळू शकतं. मला मिळालंय. आवाज न चढवता कलम १०० म्हणायचं आणि खुर्चीवर बसून राहायचं. उपचारानं माणूस घराचा पत्ता सांगायला लागतो, हे खोटं वाटावं इतक्या वेळा घडतं. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांनी हेच काम आयुष्यभर केलं, त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावरून उचललेली, बरी झालेली माणसं त्यांनी देशभर आपापल्या घरी पोचवली आहेत.

मूल एकटं दिसलं तर १०९८. बाई एकटी दिसली तर आठवडा थांबू नका, त्याच रात्री ११२ ला फोन करा. यात माझं दुमत नाही. एकटी बाई रस्त्यावर दिसते तेव्हा तिला आधीच खूप उशीर झालेला असतो.

तुमचे बाबा साठीपुढचे म्हणता, तर घरच्यांनी सोडलेले असण्याची शक्यता धरायला हवी. तीर्थाच्या गावाला हा शाप आहे. म्हातारा-म्हातारीला गंगेवर आणायचं, आंघोळ घालायची, "इथं बसा, गाडी घेऊन येतो" म्हणायचं. (बाहेरगावच्या वाचकांसाठी, नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.) मी त्या "येतो"ची वाट बघत चार दिवस एकाच जागी बसलेली आजी पाहिलेली आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं असं टाकून देणं गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करून महिना दहा हजारांपर्यंत पोटगी मागता येते, वकील लागत नाही. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. हे सगळं असूनही माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या काळात एका आजोबांच्या खिशात मुलाचा नंबर सापडला आणि मी मोठ्या आनंदानं लावला. मुलगा येतो म्हणाला. मी आजोबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी जागेवर गोधडी होती, आजोबा नव्हते. मुलगा आलाच नाही, ही गोष्ट वेगळी. नंबर सापडला तरी तो लावायचा की नाही हे त्या माणसानं ठरवायचं असतं, हे मी त्या रिकाम्या गोधडीपाशी शिकले.

आठवड्या-दोन आठवड्यांनी कागदाचा विषय काढा. "माझ्याकडं काही नाही" म्हणतील. बऱ्याचदा आधार काढलेलं असतं, फक्त कार्ड हरवलेलं. आधार केंद्रात बोटाच्या ठशांवरून ते परत मिळू शकतं. घासकाम आणि चुन्यानं बोटं झिजलेली असली तर डोळ्यांवरून बघायला सांगा. आधार कधीच काढलं नसेल तर मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमाणपत्रावर नवीन निघू शकतं. निवाऱ्याचा खरा उपयोग मला इथंच दिसतो. झोपायला नाही आले तरी चालेल, पत्ता म्हणून तो वापरा. आधार झालं की बँक खातं, मग तहसीलमधून संजय गांधी निराधार अनुदान, आणि पासष्ट पूर्ण असतील तर श्रावणबाळ निवृत्तिवेतन. महिना पंधराशे. आपल्याला क्षुल्लक वाटतील. रस्त्यावरच्या माणसाला पंधराशे म्हणजे गोळ्या, चहा आणि कुणापुढं हात न पसरता काढलेले दहा-बारा दिवस. फेऱ्या माराव्या लागतील, उत्पन्नाचा दाखला, वयाचा दाखला, रहिवास. बाबांनी एकट्यानं त्या मारल्या तर तिसऱ्या खिडकीवरून परत येतील. तुम्ही बरोबर उभे राहिलात तर होतं. इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस शेजारी असला की खिडकीतला आवाज बदलतो, मला हे आवडत नाही पण ते तसंच आहे.

मतदार यादीतही नाव घालता येतं, बेघर असूनही. फॉर्म ६ भरताना झोपायची जागा लिहायची, मग मतदान केंद्राचा अधिकारी रात्री येऊन ते खरंच तिथं झोपतात का हे बघतो. एका काकांचं असं नाव लागलं तेव्हा ते मला म्हणाले, "सरकार रात्री मला बघायला आलं होतं." त्यांच्या आवाजात थट्टा होती की अभिमान, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जेवण की पैसे. नाशिकमध्ये जेवणाला तोटा नाही. सर्वपित्री अमावास्येला घाटावर जा, पुऱ्या-भाजी इतकी येते की संध्याकाळी गाई कंटाळतात. गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, देहूसारखीच नाशिकलाही धर्मशाळा बांधली. त्यांच्या दशसूत्रीत भुकेलेल्यांना अन्नाबरोबर बेघरांना आसराही आहे. आपण नाशिककरांनी त्यातलं पहिलं सूत्र पाठ केलं आणि बाकीची पुण्याईच्या हिशोबात मोठी दिसत नाहीत म्हणून सोडली, असं माझं थोडं कडू मत आहे. घाटापासून दूर, तुमच्या कॉलेज रोडला, मात्र गोष्ट वेगळी असू शकते. बाबांना विचारा, रात्रीचं कुठं होतं? होत असेल तर ताट नेऊ नका. पैसे द्यायला माझी हरकत नाही. पितील म्हणाल, तर पितीलही. पण त्यांना दाढी करायची असेल, रिक्षानं सिव्हिलला जायचं असेल, सुलभमध्ये आंघोळ करायची असेल, तर तिथं पुरीभाजी चालत नाही. मी स्वतः थोडे पैसे देते आणि पुढं काय केलं ते विचारत नाही. ओळख नसताना दिलेला पैसा मात्र बहुतेक वेळा आपल्याच समाधानाला जातो.

हवामानाचं एक लक्षात ठेवा. वर लिहिलेला सगळा धीर कोरड्या दिवसांचा आहे. पारा दहाच्या खाली गेला, किंवा गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या (पुराची पातळी नाशिककर याच मूर्तीवरून ओळखतात) कमरेला पाणी लागलं, की मी कुणाची परवानगी विचारत नाही. २०१९ च्या ऑगस्टच्या पुरात घाटावरच्या माणसांना आम्ही अक्षरशः ओढून वर आणलं. दोघांनी शिव्या घातल्या, पिशव्या राहिल्या म्हणून. पूर ओसरल्यावर त्यांच्या पिशव्या शोधायला मी पण गेले होते. सापडल्या नाहीत.

बाबांकडं परत जाल तेव्हा निवाऱ्याचं नाव काढू नका. त्या दिवशी घाई केली, एवढं म्हणा आणि तिथं काय अडलं ते विचारा. पहिल्या दिवशी सांगणार नाहीत.

आणि तो बंद गाळा. त्याचा मालक कोण आहे ते सोसायटीत चौकशी करून काढा. दोन वर्षं बंद आहे म्हणजे कधीतरी भाड्यानं जाईल, रंग लागेल, पायरीला ग्रिल बसेल. ते कधी होणार हे बाबांना महिनाभर आधी कळलं तर त्यांना दुसरी जागा बघता येते. एरवी त्यांना ते एका रात्री, वळकटी हातात घेऊन, कळतं.